चढाईचे गुण आणि हंगामाचा हिशेब

रायगड जिल्ह्याच्या डोंगराकडील अंगाला कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. एका बाजूस सह्याद्रीचा कडा, दुसऱ्या बाजूस मुंबईकडे धांवणारा लोहमार्ग, आणि मध्यें उल्हास व पाताळगंगा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील भाताचीं खाचरें. भाताची कापणी आटोपून जमीन मोकळी झाली कीं ह्या भागांतील गांवोगांवीं कबड्डीचें अंगण आंखलें जातें. जुनीं माणसें ह्या खेळाला अजून हुतूतू म्हणतात. सामना संपल्यावर घरीं परतणाऱ्या लोकांच्या तोंडीं एकच आकडा असतो: अमक्यानें आज बारा गुण आणले, तमक्यानें पंधरा. त्या आकड्यावर त्या मुलाची कीर्ति ठरते, तालुक्याच्या व जिल्ह्याच्या संघांत त्याची निवड होते किंवा हुकते. अलीकडे तर त्या कीर्तीला पैशाचेंही मोल आलें आहे. तेव्हां हा आकडा नेमकें काय सांगतो आणि काय झांकून ठेवतो, हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाहीं.

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना प्रथम खेळाच्या इतिहासाकडे वळावें लागतें. कारण गुण ही वस्तु स्वयंभू नाहीं, ती नियमांतून जन्मास येते. कबड्डीचे पूर्वीं तीन प्रमुख प्रकार होते. संजीवनी प्रकारांत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला कीं आपला बाद झालेला एक गडी जिवंत होऊन परत मैदानांत येई. गामिनी प्रकारांत जिवंत होणें नव्हतें. बाद झालेला गडी एखादा संघ संपूर्ण बाद होईपर्यंत, म्हणजे लोण चढेपर्यंत, बाहेर बसून राही. अमर प्रकारांत बाद झालेला गडी बाहेर जातच नसे. त्याच्या नांवावर प्रतिपक्षाला एक गुण मिळे आणि तो पुन्हां खेळूं लागे.

आतां एकच चढाईपटू ह्या तिन्ही प्रकारांत खेळला अशी कल्पना करावी. अमर प्रकारांत त्याची पकड झाली तर संघाचें नुकसान एका गुणापुरतें. संजीवनींत तो एक गुण तर जातोच, शिवाय तो स्वतः कांहीं काळ बाहेर बसतो. गामिनींत तो बाहेर गेला तर फार मोठ्या काळापर्यंत परत येण्याची आशाच नाहीं. म्हणजे पायांत वारें भरलेला, दर चढाईला जिवावर उदार होऊन आंत घुसणारा मुलगा अमर प्रकारांत वीर ठरेल आणि तोच मुलगा गामिनींत संघाला बुडवील. त्याचें कसब तेंच, त्याचे आणलेले गुणही तेच. परंतु त्यांचें मोल नियमाप्रमाणें बदललें. आज जगभर जो खेळ चालतो तो मुख्यतः संजीवनीच्या वळणाचा आहे. म्हणून आजच्या चढाईपटूची पारख करतांना त्यानें काय आणलें ह्याच्या जोडीला तो किती वेळ बाहेर बसला हें पाहणें ओघानेंच प्राप्त होतें.

ह्या खेळाला लिखित नियमांची शिस्त लावण्यांत मराठी माणसाचा वांटा मोठा आहे. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें नियम तयार करून त्यांप्रमाणें सामने भरविले. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं ह्या खेळाचें प्रात्यक्षिक परदेशी प्रेक्षकांना दाखविलें. १९५० सालीं अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाच्या खेळाचें स्थान मिळालें.

बर्लिनच्या त्याच ऑलिंपिकमध्यें आणखी एक खेळ प्रथमच पदकासाठीं खेळला गेला, तो म्हणजे बास्केटबॉल. हा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकानें हिंवाळ्यांत तरुणांना छपराखालीं खेळतां यावा म्हणून मुद्दाम रचला होता. एका खेळाला शेतांतल्या मातीचा वास, दुसऱ्याचा जन्म व्यायामशाळेंतल्या फळ्यांवर. तरी गणिताच्या दृष्टीनें हे दोन खेळ एकमेकांचे जवळचे नातलग आहेत. बास्केटबॉलमध्यें एका संघाकडचा चेंडूचा ताबा संपला कीं तो दुसऱ्याकडे जातो, आणि त्यामुळें सामन्याअखेर दोन्ही संघांना जवळजवळ सारख्याच वेळां ताबा मिळालेला असतो. कबड्डींत तर चढाई आळीपाळीनें करावयाची हा नियमच आहे.

ह्या साध्या गोष्टींतून बास्केटबॉलच्या अभ्यासकांनीं फार उपयुक्त तत्त्व काढलें. डीन ऑलिव्हर ह्या अमेरिकन विश्लेषकाचा ह्या विषयावरील ग्रंथ २००४ सालीं प्रसिद्ध झाला व त्या विचाराला सर्वत्र मान्यता मिळूं लागली. तत्त्व असें कीं, खेळाडूनें सामन्यांत किती गुण केले ह्यापेक्षां दर ताब्यामागें किती केले हें पाहावें. संधि दोन्ही पक्षांना सारखीच मिळत असेल तर जय कोणाचा हें संधीची उधळपट्टी कोण कमी करतो ह्यावर ठरतें. वीस गुण करणारा खेळाडू चेंडू हातीं घेऊन चाळीस वेळां फेंकीत असेल, तर पंधरा फेंकींत चौदा गुण करणाऱ्यापेक्षां तो संघाला महागांत पडतो.

कबड्डीच्या मैदानावर हें तत्त्व ताडून पाहण्यास फारसें कांहीं लागत नाहीं. सामना ४० मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची. प्रत्येकानें पुरा वेळ घेतला तर ८० चढाया होतील आणि एका संघाच्या वांट्याला ४० येतील. म्हणजे संघाची पुंजी सुमारें ४० चढायांची. ती पुंजी कोणी किती वापरली आणि तिच्यावर काय व्याज मिळविलें, हा खरा हिशेब आहे.

हा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहण्याची सोय अलीकडेच झाली. २०१४ सालच्या जुलै महिन्यांत प्रो कबड्डी लीगला प्रारंभ झाला. त्या वेळीं आठ संघ होते. २०१७ पासून ते बारा झाले. दूरचित्रवाणीवर सामने दिसूं लागले, आणि चढाई, पकड, बोनस, रिकामी चढाई ह्यांची नोंद क्षणोक्षणीं ठेवली जाऊं लागली. ह्या लीगमध्यें एका मराठी तरुणाचा पहिला हंगाम विशेष विचार करण्याजोगा आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यांतील सिद्धार्थ देसाई हा चढाईपटू २०१८ सालच्या सहाव्या हंगामांत यू मुंबा संघाकडून प्रथमच उतरला. त्याला सुमारें ३६ लाख रुपयांस घेण्यांत आलें होतें. त्यानें २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळविले. पुढील हंगामाच्या लिलावांत तेलुगू टायटन्स संघानें त्याच्यासाठीं १ कोटि ४५ लाख रुपये मोजले. एका हंगामांत किंमत चौपट झाली. ती न्याय्य होती काय?

पहिली पायरी सरासरीची. त्याच हंगामांत बंगळूरच्या संघाकडून पवन सेहरावत ह्यानें २७१ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकाविला. नुसते आकडे शेजारीं ठेवले तर ५३ गुणांचें अंतर दिसतें आणि तें मोठें वाटतें. परंतु पवन २४ सामने खेळला; त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत जाऊन विजयी झाला. दर सामन्यामागें पवनचे गुण ११.२९ होतात, सिद्धार्थचे १०.३८. अंतर एका गुणाच्या आंत येतें. नवख्या माणसाच्या दृष्टीनें ही मोठीच गोष्ट झाली.

तथापि सरासरीलाही आपले लटके बहाणे असतात. २०१७ च्या हंगामांत पाटण्याच्या प्रदीप नरवालनें २६ सामन्यांत ३६९ गुण केले, सरासरी १४.१९. त्यांतील ३४ गुण हरियाणाविरुद्धच्या एकाच सामन्यांतले होते. तो सामना बाजूस काढला तर २५ सामन्यांत ३३५ गुण, म्हणजे सरासरी १३.४ उरते. प्रदीपचें श्रेष्ठत्व तरीही अबाधित राहतें, आणि म्हणूनच तें खरें. परंतु एखाद्या मुलाचे सहा सामन्यांत ६० गुण झाले असून त्यांतील २५ एकाच दुबळ्या संघाविरुद्ध असतील, तर त्याच्या दहाच्या सरासरीला कोणीं भुलूं नये. उरलेल्या पांच सामन्यांत ती सातच राहते.

दुसरी पायरी चढाईगणिक हिशेबाची. ती समजण्यासाठीं घरचें उदाहरण घ्यावें. समजा, कर्जतचा एक संघ आणि खालापूरचा एक संघ ह्यांचा सामना झाला आणि दोघांच्याही ४० चढाया झाल्या. कर्जतच्या प्रमुख चढाईपटूनें २० चढाया केल्या. त्यांतील ८ यशस्वी होऊन १० गुण आले, ७ वेळां त्याची पकड झाली, ५ चढाया रिकाम्या गेल्या. खालापूरच्या चढाईपटूनें १२ चढाया केल्या. ६ यशस्वी होऊन ७ गुण आले, २ वेळां पकड झाली, ४ रिकाम्या गेल्या. गांवीं परतणारे लोक म्हणतील, कर्जतच्या मुलानें १० आणले, खालापूरच्या मुलानें ७. तेव्हां कर्जतचा मुलगा वरचढ.

आतां वहींत दुसरा रकाना उघडावा. कर्जतच्या मुलानें दर चढाईमागें ०.५० गुण आणला, खालापूरच्यानें ०.५८. तिसऱ्या रकान्यांत दिलेले गुण वजा करावे. प्रत्येक पकडीबरोबर प्रतिपक्षाला निदान एक गुण मिळतो. कर्जतच्या मुलाची निव्वळ कमाई १० वजा ७, म्हणजे ३. खालापूरच्याची ७ वजा २, म्हणजे ५. ज्याचा जयजयकार झाला त्याची शिल्लक कमी निघाली. शिवाय तो सात वेळां बाहेर गेला. प्रत्येक वेळीं त्याला परत आणण्यासाठीं सोबत्यांना प्रतिपक्षाचा गडी टिपावा लागला, आणि तोंवर संघ आपल्या मुख्य हत्याराविना खेळला.

येथें गुणागुणांतही भेद करणें अवश्य आहे. स्पर्शानें मिळालेला गुण प्रतिपक्षाचा गडी बाहेर काढतो आणि आपला बाद झालेला गडी जिवंत करतो. बोनस रेषा ओलांडून मिळालेला गुण फलकावर तेवढाच दिसतो, परंतु त्यानें कोणी बाहेर जात नाहीं आणि कोणी परत येत नाहीं. बोनस तरी केव्हां मिळतो? समोर सहा किंवा सात गडी असतांनाच. उलट समोर तीन किंवा त्याहून कमी गडी असतांना पकड झाली तर प्रतिपक्षाला एक गुण जास्त मिळतो, तेव्हां त्या वेळची चूक दुप्पट महाग. रिकामी चढाईसुद्धां सर्वदा निरुपद्रवी नसते. लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या कीं तिसरींत गुण आणावाच लागतो, नाहीं तर चढाईपटू बाद. मात्र संघ आघाडीवर असतांना शेवटच्या मिनिटांत शांतपणें घालविलेले तीस सेकंद कित्येकदां गुणाहून मोलाचे ठरतात. म्हणून रकाना भरतांना प्रसंगही नोंदवावा लागतो.

एवढ्यावरून खालापूरच्या मुलाच्या बाजूनें निकाल देऊन मोकळें व्हावें काय? तसें करणें घाईचें होईल. कर्जतच्या मुलानें संघाच्या निम्म्या चढाया केल्या, खालापूरच्यानें शेंकडा ३०. जो निम्मा भार उचलतो त्याच्या वांट्याला अवघड प्रसंग अधिक येतात. तिसऱ्या निर्वाणीच्या चढाईला पुढें होण्यास दुसरा कोणी धजत नसेल तर तोच जातो. आणि तो येणार हें ठाऊक असल्यामुळें प्रतिपक्षाचे कोपऱ्यांतले गडी त्याच्याच पावलांवर नजर ठेवून असतात. म्हणून खरा प्रश्न असा विचारावा: त्याच्या जागीं त्याच संघांतील दुसरा कोण गेला असता आणि त्यानें काय आणलें असतें? दुसरा चढाईपटू दर चढाईला गमावूनच येत असेल तर कर्जतच्या मुलाची तीन गुणांची तोकडी शिल्लकही संघाचा आधार म्हटली पाहिजे. बास्केटबॉलचे हिशेबनीसही ह्याच कारणास्तव खेळाडूच्या कार्यक्षमतेशेजारीं त्याच्यावरील भाराचा आकडा मांडतात. एक आकडा दुसऱ्यावांचून वाचूं नये, हा त्या शास्त्राचा पहिला धडा आहे.

तिसरी पायरी सोबत्यांची. तिच्यासाठीं कर्जत स्थानकावरचें एक दृश्य फार बोलकें आहे. १८६३ सालीं खुला झालेला बोरघाटाचा लोहमार्ग इतका उभा आहे कीं कांहीं ठिकाणीं ३७ फुटांमागें १ फूट चढ लागतो. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या जड गाड्यांना कर्जतला मागून जादा एंजिनें जोडण्याची वहिवाट पडली. प्रवाशाच्या मनांत चित्र असतें तें पुढच्या एंजिनाचें. मागून रेटणारें एंजिन त्याच्या ध्यानींही येत नाहीं. घाट चढल्याचें श्रेय मात्र दोघांचें असतें. कबड्डींत चढाईपटू हें पुढचें एंजिन. तो बाद होऊन बाहेर बसतो तेव्हां त्याला जिवंत करण्याचें काम बहुधा पकड करणारे सोबती करतात. ते जितक्या लवकर प्रतिपक्षाचा गडी टिपतील तितक्या लवकर तो परत येईल, तितक्या अधिक चढाया त्याला मिळतील आणि तितके अधिक गुण त्याच्या नांवावर चढतील. त्याच्या आकड्यांत सोबत्यांचा घाम मिसळलेला असतो.

२०१८ च्या यू मुंबा संघाचा कर्णधार इराणचा फजल अत्राचली हा होता. डाव्या कोपऱ्यावरील पकडीसाठीं त्याची ख्याति मोठी. त्या हंगामाच्या लिलावांत त्याला १ कोटि रुपयांस घेतलें होतें. त्या संघानें बाद फेरी गांठली. पुढील वर्षीं सिद्धार्थ तेलुगू टायटन्सकडून २२ सामने खेळला आणि त्यानें चढाईचे २१७ गुण मिळविले. आदल्या वर्षीं २१८, ह्या वर्षीं २१७, सरासरी १०.३८ वरून ९.८६ झाली. एवढा मोठा बोजा आणि एवढें मोठें मोल शिरावर असतां कामगिरींत इतकें सातत्य राखणें हें खेळाडूला भूषणावह होय. परंतु त्याचा नवा संघ बारा संघांत अकरावा आला.

ह्या दोन हंगामांइतका स्पष्ट दाखला क्वचित् सांपडतो. खेळाडू तोच, गुण जवळजवळ तेच, आणि एक संघ बाद फेरींत तर दुसरा तळाशीं. ह्यावरून सिद्धार्थचे गुण पोकळ होते असा निष्कर्ष काढणें जसें चुकीचें, तसाच टायटन्सच्या पकड करणाऱ्यांवर सगळा ठपका ठेवणेंही अन्यायाचें. एवढेंच सिद्ध होतें कीं चढाईचे एकूण गुण हें खेळाडूच्या श्रमाचें माप आहे, संघाच्या यशाचें नव्हे. लिलावांत जे पैसे मोजले गेले ते पहिल्या मापावर. अपेक्षा मात्र दुसऱ्याची होती. तीं दोन मापें एक समजण्यांत मालकांची निराशा होते, आणि त्या निराशेचा बोल बहुधा तरुण खेळाडूला ऐकावा लागतो.

चौथी पायरी योगायोगाची. आणि तीच सर्वांत जास्त विसरली जाते. एक नाणें वीस वेळां उडवावें. छाप दहा वेळां पडावा असें आपण म्हणतों, परंतु गणित सांगतें कीं छापांची संख्या आठ ते बारा ह्यांच्या दरम्यान राहण्याची शक्यता सुमारें चारांत तीन एवढीच आहे. म्हणजे चारांत एकदां ती आठाच्या खालीं येते किंवा बाराच्या वर जाते, आणि नाणें मात्र तेंच असतें. ज्याच्या निम्म्या चढाया यशस्वी होतात अशा मुलाच्या वीस चढाया म्हणजे एक सामना. एके दिवशीं त्याच्या सात यशस्वी झाल्या आणि दुसऱ्या दिवशीं तेरा, तर त्याचें कसब वाढलें अथवा घटलें असें म्हणण्यास आधार नाहीं. उलट चारशें चढायांचा हिशेब हातीं असेल तर हा योगायोगाचा खेळ शेंकडा दोन-अडीचपर्यंत खालीं येतो आणि आंकड्याला बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो. मुलगा बुद्धिमान आहे कीं नाहीं हें एका परीक्षेवरून ठरवूं नये असें सुशिक्षित घरांतून नेहमीं म्हटलें जातें; तोच न्याय मैदानावर लावला पाहिजे. निवडीचे सामने बहुधा दोन-तीन दिवसांत उरकतात. त्या दोन-तीन दिवसांच्या आकड्यांवर एखाद्या वाडीवरच्या मुलाचें वर्ष फुकट जाऊं शकतें, ही गोष्ट निवड करणाऱ्यांनीं मनांत वागविली तर पुष्कळ अन्याय टळतील.

लीगचा दहावा हंगाम ह्या दृष्टीनें आशादायक ठरला. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें पुणेरी पलटणनें हरियाणा स्टीलर्सचा २८ विरुद्ध २५ असा पराभव करून प्रथमच अजिंक्यपद मिळविलें. त्या हंगामांत सर्वोत्तम चढाईपटू म्हणून दिल्लीच्या आशू मलिकचा गौरव झाला. परंतु सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून जो निवडला गेला तो पुण्याचा तरुण कर्णधार अस्लम इनामदार. अहिल्यानगर जिल्ह्यांतून आलेला, चढाईबरोबर पकडींतही हात घालणारा. चढाईच्या यादींत अग्रस्थान नसतांही हंगामाचा मानकरी होतां येतें, हें त्या निवडीनें दाखविलें. त्याच्या संघांत चढायांचा भार एकाच्याच माथ्यावर नव्हता. तो वांटलेला होता. फलकावर एकाचें नांव कमी झळकलें आणि संघ मात्र शिखरावर पोंचला.

इतकें सगळें मोजल्यावरही एक गोष्ट मापाबाहेर राहते. ती म्हणजे शरीर. २०२२ सालीं तामिळ थलैवाज संघानें पवन सेहरावतसाठीं २ कोटि २६ लाख रुपये मोजले. तोंवरच्या लीगच्या इतिहासांतील ती सर्वांत मोठी रक्कम होती. पहिल्याच सामन्यांत त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा तो हंगाम तेथेंच संपला. मागील हंगामांचे आकडे खोटे नव्हते. परंतु आकडा भूतकाळाचा साक्षीदार असतो, भविष्याचा जामीन नव्हे. चढाईपटूचा प्रत्येक गुण गुडघा, घोटा आणि खांदा ह्यांच्या खर्चानें येतो. ज्याला दर सामन्यांत संघाच्या निम्म्या चढाया कराव्या लागतात त्याच्या हिशेबांत ही झीजही धरली पाहिजे, आणि ती धरण्याचें काम खेळाडूपेक्षां त्याच्या पालकांचें आणि शिक्षकांचें अधिक आहे.

हें सारें मोठ्या लीगपुरतेंच आहे असें मात्र समजूं नये. तेथें यंत्रें आहेत, कॅमेरे आहेत, पगारी हिशेबनीस आहेत. कर्जत-खालापूरच्या खाचरांत आंखलेल्या मैदानावर त्यांपैकीं कांहींच नसलें तरी एक वही आणि एक पेन्सिल असतेच. गुणलेखकाच्या शेजारीं एखादा शाळकरी मुलगा किंवा मुलगी बसवावी आणि प्रत्येक चढाईपटूच्या नांवापुढें पांच रकाने आंखावे: किती चढाया केल्या, स्पर्शाचे गुण किती, बोनसचे किती, किती वेळां पकड झाली, किती रिकाम्या गेल्या. पकड करणाऱ्यांच्या नांवापुढें केलेल्या आणि फसलेल्या पकडी लिहाव्या. एका हंगामाच्या अशा वहींतून गांवच्या मंडळाला जें दिसेल तें वर्षानुवर्षें मैदानाच्या कडेला उभें राहूनही दिसलें नसतें. जो मुलगा थोड्या चढाया करतो, क्वचित् पकडला जातो आणि म्हणून ज्याचें नांव कोणी घेत नाहीं, तो त्या पानांतून प्रथमच वर येईल. ज्याचा जयघोष होतो त्यालाही आपली पकड कोठें आणि केव्हां होते हें कळेल, आणि त्याचें त्यांत हितच आहे.

१९७२ सालीं कबड्डीच्या खेळाडूंत प्रथमच अर्जुन पुरस्कार मिळाला तो सदानंद शेट्ये ह्यांना. त्या पिढीची थोरवी मुख्यतः पाहणाऱ्यांच्या आठवणींत राहिली. आठवण पाहणाऱ्याबरोबर मावळते. आजच्या मुलांच्या बाबतींत तसें होण्याचें कारण नाहीं. डोळ्यांना दिसलेला पराक्रम आणि वहींत उतरलेला हिशेब हे एकमेकांचे वैरी नव्हत. डोळे ज्याला मोठा म्हणतात त्याला वहीनें तपासावें, आणि वही ज्याला मोठा म्हणते त्याला डोळ्यांनीं पुन्हां एकदां पाहावें. दोन्हींची साक्ष जुळली म्हणजे निवड करणाऱ्यानें निःशंकपणें पुढें व्हावें, आणि न जुळली तर त्या मुलाला आणखी कांहीं सामने खेळूं द्यावे.